‘हे टंकयंत्र नव्हे’ : सी भाषेतील बफरचा अधिकार कोणाच्या हाती?

१/
एक प्रोग्राम फाइलमध्ये एक ओळ लिहितो. ओळ बिनचूक लिहिली जाते, कोठेही अडथळा येत नाही. तरीही जुन्या युनिक्स प्रणालींवर शेवटच्या चुकीचा क्रमांक राखून ठेवणारे ‘एरनो’ हे चल त्यानंतर तपासले, तर तेथे पुष्कळदा २५ हा आकडा सापडे. प्रणालीने या क्रमांकाला दिलेला अर्थ असा : ‘हे टंकयंत्र नव्हे’. प्रोग्रामने टंकयंत्राचा विषयच काढलेला नसताना हे उत्तर कोणाला दिले गेले होते? सी शिकणाऱ्यांना हा प्रश्न इतका वारंवार पडला, की त्या भाषेविषयीच्या प्रसिद्ध प्रश्नोत्तर-संग्रहात त्याला स्वतंत्र जागा मिळाली.

२/
प्रश्न विचारला होता सी भाषेच्या इनपुट-आउटपुट लायब्ररीने. पहिले अक्षर बाहेर पाठवण्याआधी ती परस्पर चौकशी करते : पलीकडच्या टोकाला वाचणारा माणूस बसला आहे, की ते टोक म्हणजे नुसती फाइल आहे? माणूस असेल तर मजकूर लगेच पुढे जातो. नसेल तर तो साठवून ठेवला जातो. ही चौकशी प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या नकळत होते आणि प्रोग्राम वापरणाऱ्याला तर तिचा पत्ताही नसतो. १९७०च्या दशकात झालेल्या या व्यवस्थेत नेमके कोणाला बोलण्याचा अधिकार मिळाला आणि कोण वगळले गेले, हा या धाग्याचा विषय आहे.

३/
आधी मूळ अडचण. प्रोग्राम स्वतः डिस्कवर किंवा पडद्यावर काहीही लिहू शकत नाही. त्याला दर वेळी कर्नलकडे विनंती करावी लागते. या विनंतीला सिस्टिम कॉल म्हणतात आणि ती महाग असते. ५१२ अक्षरे एकेक करून पाठवली तर ५१२ विनंत्या; तीच आधी एका कप्प्यात जमवून पाठवली तर एकच. हा कप्पा म्हणजे बफर. खेड्यापाड्यांतील वडाप जीप भरल्याखेरीज सुटत नाही, त्यातला हिशेब हाच. मागे बसलेल्या पहिल्या प्रवाशाला उशीर होतो. पण फेरीचा खर्च सगळ्यांत वाटला जातो.

४/
काळ आणि यंत्र लक्षात घेतल्यावाचून हा हिशेब समजत नाही. डेनिस रिची आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सवरील आपला विख्यात लेख जुलै १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वर्णन केलेल्या पीडीपी-११/४५ या यंत्राची स्मृती होती १४४ किलोबाइट, आणि त्यातले ४२ किलोबाइट एकट्या युनिक्सने व्यापले होते. समोर पडदा नव्हता. टेलिटाइप हा विद्युत-यांत्रिक दूरमुद्रक कागदावर ठोके मारीत असे. मॉडेल ३३ या टेलिटाइपचा वेग सेकंदाला १० अक्षरे. ६० अक्षरांची ओळ उमटायला ६ सेकंद लागत. अशा घरात काटकसर हा सद्गुण होता की नाइलाज, हे ठरवण्याचे कारण नाही. दोन्ही होते.

५/
सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये (१९७५) हा कप्पा प्रोग्रामरच्या हातात आणि डोळ्यांसमोर होता. फाइल उघडताना त्याला स्वतः ५१८ बाइटची जागा राखून तिचा पत्ता द्यावा लागे. ५१२ बाइट मजकुरासाठी, म्हणजे डिस्कच्या एका खंडाएवढे. उरलेल्या ६ बाइटमध्ये तीन लहान नोंदी : फाइलचा क्रमांक, किती जागा उरली, आणि पुढचे अक्षर कोठे. काम संपताना कप्पा रिता करण्याची आज्ञाही त्यानेच द्यायची. विसरला, तर शेवटचा तुकडा गेला. व्यवस्था कष्टाची होती. मात्र तिच्यात काही लपलेले नव्हते.

६/
याच सुमारास बेल लॅबमधील माइक लेस्क यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येईल असा इनपुट-आउटपुटचा संच लिहिला होता. पुढे त्याचीच पुनर्रचना होऊन सी भाषेची ‘स्टँडर्ड आय-ओ’ लायब्ररी घडली. १९७९च्या सातव्या आवृत्तीत ती पूर्ण रूपात दिसते. तेथे कप्पा पडद्याआड गेला. जागा कोण राखणार, किती राखणार, केव्हा रिती करणार, हे सारे लायब्ररी ठरवू लागली. प्रोग्राम नीट संपला तर उरलेला मजकूरही तीच बाहेर काढू लागली. प्रोग्रामरचे ओझे उतरले आणि प्रोग्रामिंगची एक मोठी कटकट संपली. हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

७/
टंकयंत्राचा प्रश्न जन्मला तो याच टप्प्यावर. सातव्या आवृत्तीत स्टँडर्ड आउटपुट टर्मिनलकडे जात असेल तर बफर टाळला जाई. फाइलकडे जात असेल तर पूर्ण बफर लागे. पुढे बर्कलीच्या शाखेत आणि एटी अँड टीच्या सिस्टिम व्ही मध्ये मधला मार्ग रूढ झाला : टर्मिनलवर ओळ पुरी होईपर्यंत थांबायचे, ओळ संपली की पाठवायचे. असे तीन प्रकार स्थिरावले. पूर्ण बफर, ओळीगणिक बफर, बफरच नाही.

८/
चुकांच्या संदेशांचा मार्ग मात्र आधीच वेगळा झाला होता, आणि त्यामागची हकिगत सांगण्याजोगी आहे. बेल लॅबमधील स्टीव्ह जॉन्सन यांच्या आठवणीनुसार, तेथे फोटोटाइपसेटरवर मजकूर जुळवून त्याची लांबलचक पट्टी एका दुर्गंधीयुक्त यंत्रातून धुऊन काढावी लागे. काही मिनिटांनी पट्टी बाहेर येई. एका दुपारी अनेकांच्या हाती अशी पट्टी पडली, जिच्यावर सुरेख छापील अक्षरांत एकच ओळ होती : अमुक फाइल उघडता आली नाही. चुकीचा संदेशही इमाने इतबारे छापला गेला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत ‘स्टँडर्ड एरर’ हा स्वतंत्र प्रवाह आला. तक्रार थांबून राहता कामा नये म्हणून सातव्या आवृत्तीच्या लायब्ररीत त्याला बफर दिला गेला नाही.

९/
आता नियंत्रणाचा प्रश्न. लायब्ररीने ठरवलेले मान्य नसेल तर काय करायचे? सातव्या आवृत्तीत त्यासाठी ‘सेटबफ’ हे फंक्शन होते : स्वतःचा कप्पा द्या, किंवा शून्य देऊन बफर बंद करा. बर्कलीने आपली दोन फंक्शने जोडली. सिस्टिम व्ही ने ‘सेटव्हीबफ’ आणले; त्यात प्रकार आणि आकार दोन्ही सांगता येत. गंमत अशी, की सिस्टिम व्ही च्या दुसऱ्या प्रकाशनापर्यंत त्यातील दोन घटकांचा क्रम उलटा होता. आधी प्रकार की आधी कप्प्याचा पत्ता, यावर एकमत नव्हते. परिणामी एका यंत्रावरचा बरोबर प्रोग्राम दुसऱ्यावर चूक ठरे, आणि ऑटोकॉन्फ या साधनाला ‘येथे क्रम उलटा आहे काय’ हे तपासणारी स्वतंत्र कसोटी बाळगावी लागली.

१०/
१९८३ मध्ये नेमलेल्या समितीने १९८९ मध्ये सी भाषेचे अमेरिकी प्रमाण पूर्ण केले. त्यात ‘सेटव्हीबफ’ कायम झाले, अटीसह : प्रवाह उघडल्यानंतर आणि त्यावर दुसरे कोणतेही काम करण्यापूर्वीच ते वापरावे. ‘एफफ्लश’ने साठलेला मजकूर हवा तेव्हा पुढे ढकलता येतो, पण केवळ कर्नलपर्यंत; डिस्कवर उतरवण्यासाठी ‘एफसिंक’ हा वेगळा सिस्टिम कॉल लागतो. बफरच्या आकाराचे जे ठरीव नाव आहे, त्याचे मूल्य किमान २५६ असावे, असेही प्रमाणात म्हटले आहे.

स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुट पूर्ण बफर केव्हा घेतील? पलीकडचे साधन ‘संवादी’ नाही असे निश्चित करता येईल तेव्हाच. आणि संवादी साधन म्हणजे कोणते? ते ज्याने त्याने ठरवावे, असे प्रमाणच सांगते. टंकयंत्राचा शब्द गेला, प्रश्न मात्र जसाच्या तसा कायद्यात आला.

११/
या नियमांचे अर्धवट ज्ञान कसे पसरते, याचे उदाहरण महाराष्ट्रातल्या वाचकांना दूर शोधावे लागणार नाही. बोर्लंड कंपनीचा टर्बो सी हा कंपायलर १९८७चा. भारतीय महाविद्यालयांत तो त्याचा काळ सरल्यावरही दीर्घकाळ नांदला. त्या काळातल्या कितीतरी जर्नलांत स्टँडर्ड इनपुटवर ‘एफफ्लश’ चालवणारी ओळ मंत्रासारखी उतरवलेली आढळते. अडचण खरी होती : ‘स्कॅनएफ’ने मागे ठेवलेले ओळ-समाप्तीचे चिन्ह पुढच्या वाचनात घुसते. उपाय मात्र प्रमाणाबाहेरचा, कारण ‘एफफ्लश’चा अर्थ प्रमाणाने आउटपुटपुरताच निश्चित केला आहे. काही कंपायलरांवर ते चालले, म्हणून नियम ठरले.

१२/
मुख्य मुद्दा असा. या प्रकरणात तीन पक्ष आहेत : लायब्ररी लिहिणारा, प्रोग्राम लिहिणारा आणि प्रोग्राम वापरणारा. पहिल्याला पूर्वनिर्णयाचा अधिकार मिळाला. दुसऱ्याला ‘सेटव्हीबफ’ मिळाले. तिसऱ्याला काहीच मिळाले नाही.

आणि युनिक्समध्ये तिसरा पक्ष साधा ग्राहक नसतो. डग मॅकइलरॉय यांनी १९६४ मध्येच, बागेतील नळ्या जोडाव्यात तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत, अशी इच्छा एका टिपणात मांडली होती. १९७२-७३च्या सुमारास ती पाइपच्या रूपाने साकार झाली. तेव्हापासून एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याचे इनपुट कोठे व केव्हा होईल, हे ठरवतो तो वापरणारा. सांधा त्याचा आहे. पलीकडे माणूस आहे की नाही, याचे खरे उत्तर त्या क्षणी एकट्या त्यालाच ठाऊक असते, आणि नेमके त्यालाच कोणी विचारत नाही.

१३/
परिणाम मोजून पाहता येतो. वाढत जाणाऱ्या नोंद-फाइलवर ‘टेल’ लावले, त्यापुढे ‘ग्रेप’ने फक्त चुकांच्या ओळी निवडल्या आणि त्यापुढे ‘कट’ने एक रकाना काढला. ‘कट’ पडद्यावर लिहितो. त्याला संवादी साधन दिसते. मधला ‘ग्रेप’ मात्र पाइपमध्ये लिहितो. पाइप हे टंकयंत्र नव्हे. म्हणून तो ४०९६ बाइटचा कप्पा भरेपर्यंत थांबतो. लिनक्सवरील जीएनयू लायब्ररीचा पाइपसाठीचा नेहमीचा आकार हाच. ओळ ५० अक्षरांची असेल तर ८० ओळींनंतर काहीतरी दिसू लागेल. चूक तासाला एकदा घडत असेल, तर पहिली चूक पडद्यावर उमटायला तीन दिवसांहून अधिक काळ जाईल. समोर माणूस बसलेला आहे, एक पाइप पलीकडे.

१४/
यावर पुढच्या काळात जे उपाय निघाले, ते व्यवस्थेतील उणिवेचे पुरावेच होत. ‘ग्रेप’ला ओळीगणिक बफरचा पर्याय जोडावा लागला, ‘सेड’ला वेगळा, ‘टीसीपीडम्प’ला तिसराच. पायथनला ‘यू’ हा पर्याय आणि वर एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. एकाच दुखण्यावर प्रत्येक घराने आपापले औषध कुटले. डॉन लिब्स यांच्या ‘एक्स्पेक्ट’बरोबर येणारे ‘अनबफर’ तर उघड फसवणूक करते : ते प्रोग्रामसमोर खोटे टर्मिनल उभे करते, म्हणजे ‘हे टंकयंत्र आहे काय’ या प्रश्नाला होकारार्थी उत्तर जाते. २००९ मध्ये जीएनयूच्या मूलभूत साधनांत ‘एसटीडीबफ’ आले. तेही मागच्या दाराने शिरते. प्रोग्राम सुरू होण्याआधी आपली छोटी लायब्ररी त्याच्यात घुसवते आणि त्याच्या वतीने ‘सेटव्हीबफ’ चालवते. प्रोग्राम सी लायब्ररीशी चालू होताना जोडला जाणारा नसेल, किंवा त्याने स्वतःच बफर ठरवला असेल, तर हा उपाय निष्फळ.

१५/
आक्षेप येईल की दुसरे काही शक्यच नव्हते. ते खरे नाही. १९९१ मध्ये बेल लॅबमधीलच डेव्हिड कॉर्न आणि कीम-फाँग व्हो यांनी ‘एसएफआयओ’ ही पर्यायी लायब्ररी मांडली. तिच्यात अनेक प्रवाहांचा एक गट बांधता येतो. गटातील एका प्रवाहावर लिहायला लागले की आधीच्या प्रवाहात साठलेले आपोआप बाहेर पडते, आणि क्रम टिकतो. नेटबीएसडी या प्रणालीच्या लायब्ररीत तर वापरणाऱ्याला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलद्वारे कोणत्या प्रवाहाचा बफर कसा असावा, हे बाहेरूनच सांगता येते. मागचे दार नाही, फसवणूक नाही. हे करायला नवे यंत्र लागले नाही. तिसऱ्या पक्षालाही मत असते एवढे मान्य करावे लागले.

१६/
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. समितीचे काम रूढ व्यवहार लिखित करणे हे होते, नवी व्यवस्था शोधणे नव्हे. शिवाय पूर्ण बफर हा पूर्वनिर्णय मूर्खपणाचा नाही. लाखो ओळी फाइलमध्ये उतरवणाऱ्या प्रोग्रामने ओळीगणिक कर्नलचे दार ठोठावले, तर वेळ वाया जातो. आजच्या यंत्रांवरही जातो.

हे दोन्ही मान्य करूनही प्रश्न उरतो, कारण तो वेगाचा नाही. १९७०च्या दशकातील मरे हिलमध्ये लिहिणारा आणि वापरणारा ही बहुधा एकाच दालनातील माणसे होती, पुष्कळदा एकच व्यक्ती. ‘ग्रेप’चे वागणे आवडले नाही तर त्याचा मूळ मजकूर हाताशी होता, बदलायचा आणि पुन्हा कंपाइल करायचा. त्या जगात प्रोग्रामरला दिलेला अधिकार वापरणाऱ्यालाही आपोआप मिळत होता. युनिक्स विद्यापीठांत, मग कंपन्यांत, मग घराघरांत गेले, आणि ही दोन माणसे एकमेकांपासून दूर झाली. नियम मात्र ती दोघे एकाच खोलीत बसली आहेत असे गृहीत धरूनच राहिला. चूक १९७९ची नव्हे. खोली सुटल्याचे दिसत असतानाही नियम तसाच ठेवला गेला, हा दोष १९८९चा आणि त्यानंतरच्या प्रत्येक आवृत्तीचा आहे.

१७/
इतिहासाच्या अभ्यासकाने या तांत्रिक तपशिलात का पडावे? कारण नोंद-फाइल हे आज साधन आहे. यंत्रणा कोसळते, चौकशी होते, आणि साक्षीला उभी राहते ती नोंद-फाइल. तिच्याकडे समकालीन, अस्सल आणि निर्विकार साधन म्हणून पाहिले जाते. तिच्यातला क्रम मात्र घटनांचा क्रम असेलच असे नाही.

प्रोग्राम आधी स्टँडर्ड आउटपुटवर ‘पहिला टप्पा पूर्ण’ असे लिहितो, मग स्टँडर्ड एररवर तक्रार नोंदवतो. दोन्ही एकाच फाइलकडे वळवलेले असतील तर तक्रार वर येते आणि टप्पा खाली, कारण तक्रारीला बफर नाही आणि टप्पा कप्प्यात थांबला होता. त्यातच प्रोग्राम एखाद्या संकेताने जागीच मारला गेला, तर टप्प्याची ओळ कधीच येत नाही. वाचणारा निष्कर्ष काढतो : पहिला टप्पा झालाच नव्हता.

१८/
‘फोर्क’ची गोष्ट याहून विचित्र. प्रोग्रामने एक ओळ छापली आणि मग स्वतःची प्रत काढली. टर्मिनलवर ती ओळ एकदाच दिसते. तोच प्रोग्राम फाइलकडे वळवला की ओळ दोनदा उमटते, कारण प्रत निघाली तेव्हा भरलेल्या कप्प्याचीही प्रत निघाली आणि दोघांनीही आपापला कप्पा रिता केला. एकच घटना, दोन साक्षी, आणि दोन्ही प्रामाणिक.

१९/
जुन्या दप्तरांत काम करणाऱ्यांना हा पेच परका वाटू नये. कागदावरची तारीख पत्र लिहिल्याची, की ते कचेरीत आवक झाल्याची, हे आधी ठरवावे लागते. येथेही तेच. प्रोग्रामने ओळ तयार करतानाच तिच्यावर वेळ घातली असेल, तर बफरने कितीही उशीर केला तरी मूळ वेळ टिकते, आणि ओळ फाइलपर्यंत पोहोचली असेल तर क्रमही पुन्हा लावता येतो. वेळ पाइपच्या पलीकडच्या प्रोग्रामने घातली असेल, तर ८० ओळींवर एकाच सेकंदाचा शिक्का बसतो. ती आवक-नोंद असते, आणि चौकशी अहवालांत ती घटनेची वेळ म्हणून वाचली जाण्याचा धोका राहतो. म्हणून नोंद-फाइल हाती आली की पहिला प्रश्न मजकुराचा नसावा. हा प्रवाह कोठे वळवला होता, पलीकडे टर्मिनल होते की पाइप, आणि प्रोग्राम रीतसर संपला की मारला गेला, हे आधी विचारावे.

२०/
२५ हा क्रमांक लिनक्समध्ये आजही त्याच अर्थाने आहे आणि त्याच्या इंग्रजी नावात टेलिटाइपची अक्षरेही तशीच आहेत. संदेश तेवढा बदलला; टंकयंत्राऐवजी आता ‘या साधनाला अयोग्य विनंती’ अशा आशयाचे शब्द दिसतात. जीएनयू लायब्ररी ही चौकशी अजूनही करते. फरक इतकाच, की चौकशीपूर्वी ती एरनोमधला आकडा बाजूला काढून ठेवते आणि नंतर परत जागेवर ठेवते. त्यामुळे प्रश्न विचारला गेल्याचा माग आता मागे राहत नाही.